पिस्तुलावर चरा पडला, म्हणून काय बिघडलं?

जॉन ब्राउनिंगने आखलेलं आणि अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारलेलं पिस्तूल आजही तिकडच्या नेमबाजांचं लाडकं आहे. त्याच्या डाव्या बाजूला, स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) अडकवणाऱ्या स्लाइड स्टॉपच्या तरफेखाली, पुष्कळदा एक कमानदार चरा दिसतो. साफसफाईनंतर जोडणी करताना मालक तरफ वर फिरवतो, वाटेत स्प्रिंगवरची बारीक खीळ आडवी येते, तो जोर लावतो आणि तरफेचं टोक फ्रेमवरून, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावरून, घासत जातं. तिकडे याला सरळ ‘मूर्खाचा ओरखडा’ म्हणतात. नव्याकोऱ्या पिस्तुलावर तो पडला की मालकाला अन्न गोड लागत नाही. खरं तर त्याने पिस्तुलाचं काडीचंही बिघडत नाही. उलट नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेला गेलेला, जेमतेम दिसणारा टवका नेम बिघडवू शकतो.

म्हणून ओरखडा किती लांब आहे हे मोजत बसण्यापेक्षा तो कोणत्या थरापर्यंत गेलाय आणि कुठे पडलाय, हे पाहावं. पाहण्याआधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायचं, स्लाइड मागे ओढून अडकवायची आणि चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करायची. रिव्हॉल्व्हर असेल तर काडतुसांचं फिरतं सिलिंडर बाहेर काढून एकेक खाना बघायचा. काडतुसं वेगळ्या खोलीत ठेवायची.

आता थर. जुन्या पिस्तुलांचा निळसर काळा रंग म्हणजे रंग नव्हेच. पोलाद कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षारांच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या द्रावणात बुडवलं की पृष्ठभागाचं लोखंडच मॅग्नेटाइट नावाच्या ऑक्साइडमध्ये बदलतं. हे झालं ब्लूइंग. हा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि सच्छिद्र असतो. तो स्वतः गंज थोपवत नाही, तेल धरून ठेवतो आणि ते तेल गंज थोपवतं. त्यामुळे ब्लूइंग खरवडलं गेलं तर संरक्षण थोडंच कमी होतं, पण चकाकणारी रेघ लगेच डोळ्यांत भरते. लष्करी हत्यारांवरचा करडा, खरखरीत फॉस्फेटचा थर याहून जाड असतो आणि तेलही जास्त पितो.

नायट्रायडिंगची गोष्ट वेगळी. पोलाद ५७०-५८० अंशांच्या क्षारस्नानात ठेवलं की नायट्रोजन आणि थोडा कार्बन धातूच्या आत झिरपतो. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलांच्या स्लाइड अशाच पक्क्या केल्या गेल्या. त्यावरचा काळा लेप होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, घासून करडा पडला तरी खालचा कठीण, गंजरोधक थर जागेवर असतो. अशा पिस्तुलाचा मालक ओरखडे मोजत बसला, तर तो निव्वळ जिवाला घोर.

ॲल्युमिनियमच्या फ्रेमचं गणित उलटं आहे. ७०७५ या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने चढवलेला ॲनोडायझिंगचा कठीण थर २५ ते ५० मायक्रॉनचा असतो. थर भलता टणक, पण खालचा धातू त्या मानाने मऊ. बाहेरच्या बाजूला तो खरवडला तर फक्त पांढरट रेघ दिसते. मात्र स्लाइड ज्या रुळांवरून धावते तिथला थर संपला की झीज झपाट्याने वाढते. रुळांवरची पांढरी पट्टी दर साफसफाईला पसरत असेल तर जाणकाराला दाखवावं. स्टेनलेस पोलाद याबाबतीत सगळ्यांत सुखी. त्यात किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, आणि ओरखडा पडताच उघड्या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा पुन्हा तयार होतो. निकेलचा मुलामा मात्र नाजूक. त्याचा टवका उडाला की कडेखालून ओल शिरते आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटू लागतो. निकेलखाली अनेकदा तांब्याचा थर असतो. नळीतलं तांबं काढायची अमोनियायुक्त द्रावणं त्या टवक्यातून आत गेली तर तो थरही खातात.

ओरखडे पाडतं कोण? बहुतेक जण होल्स्टरला दोष देतात. प्लास्टिक किंवा चामडं पोलादाहून कितीतरी मऊ. ते चकाकी घालवेल, चरा पाडणार नाही. चरा पाडते ती आत अडकलेली धूळ. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोह्‌सच्या १ ते १० च्या मापावर ७, साध्या पोलादाचा ४-५ च्या आसपास. एक कण प्लास्टिकच्या भिंतीत रुतून बसला की पिस्तूल दर वेळी त्याच जागी घासलं जातं आणि सरळ समांतर रेघा उमटतात. होल्स्टर महिन्यातून एकदा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलं तर हा त्रास बराच कमी होतो. (प्लास्टिकचं. चामड्याचं धुवायला जाऊ नका.)

काही खुणा तर यंत्राच्या चालीतूनच येतात. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरभोवती एक वर्तुळाकार रेघ असते. सिलिंडर जागेवर अडकवणारी छोटी खुंटी खाचेत पडण्याआधी थोडं अंतर घासत जाते, त्याची ही खूण. स्मिथ अँड वेसनसारख्या रचनेत खुंटी लवकर वर येते, त्यामुळे रेघ ठरलेलीच. १८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शनमध्ये मात्र खुंटी खाचेच्या जवळ येईपर्यंत खाली दबलेली असते. तिथे पूर्ण फेरीची रेघ दिसली तर बहुधा कोणीतरी घोडा, म्हणजे मागची हातोडी, अर्ध्यावरून तसाच खाली सोडत आलंय, किंवा आतला मेळ चुकलाय. रेघ पुसट असेल तर सोडून द्या. नख अडण्याइतका खोल चर पडला असेल, किंवा खाचेच्या कडेला धातू दबून उंचवटा आला असेल, तर खुंटीची स्प्रिंग आणि वेळ तपासून घ्यावी लागते.

आता दुर्लक्ष करू नये अशा जागा. पहिली नळीच्या तोंडाची आतली कड. गोळी बाहेर पडताना मागचा वायू तिच्या बुडाभोवती सगळीकडून सारखा सुटला पाहिजे. एका बाजूला टवका असेल तर वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. साफसफाईची लोखंडी सळई पुढून खुपसणाऱ्यांकडून हे नुकसान हटकून होतं. दुसरी जागा चेंबर. गोळी सुटते तेव्हा पितळी पुंगळी फुगून भिंतीला चिकटते, आणि भिंतीत आडवा चरा किंवा गंजाचा खड्डा असेल तर त्यात रुतून बसते, बाहेर निघत नाही. तिसरी जागा स्प्रिंग. ताण-दाबाची हजारो आवर्तनं सोसणाऱ्या तारेवर छोटासा टवकाही थकव्याच्या तड्याची सुरुवात ठरतो. स्प्रिंग स्वस्त असते, सरळ बदलावी.

तडा आणि ओरखडा यांत गल्लत झाली तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. ओरखडा कुठेही, कशाही दिशेने जातो. तडा बहुतेक आतल्या कोपऱ्यातून, भोकाच्या कडेतून किंवा पातळ जागेतून निघतो आणि नागमोडी जातो. स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल १९ मध्ये नळीच्या मागच्या तोंडाचा खालचा भाग जागेअभावी तासून सपाट केलेला असतो. हलक्या १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाच्या, जादा जोराच्या मॅग्नम गोळ्यांनी नेमके तिथे तडे जातात.

शंका आली तर ती जागा स्पिरिटने कोरडी करा, पातळ तेलाचा थेंब सोडा, पंधरा मिनिटांनी कापडाने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी भुरभुरवा. तडा असेल तर आतलं तेल वर येतं आणि पाचेक मिनिटांत भुकटीत गडद रेघ उमटते. खोल ओरखड्यातही पुसट डाग येऊ शकतो, म्हणून ही चाचणी शेवटचा निकाल नव्हे. पण रेघ उमटली की गोळीबार थांबवायचा, एवढं नक्की.

आपल्याकडे ओरखड्यापेक्षा मोठा शत्रू पावसाळा. मुंबई-कोकणात जुलैमध्ये हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. साधं पोलाद ६० टक्क्यांच्या पुढेच वेगाने गंजू लागतं. त्यात घामातलं मीठ आलं की बघायलाच नको. ताज्या चऱ्यावर त्याच दिवशी तेलाचा पातळ हात फिरवा. पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका, कारण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षारही त्यात असतात. डब्यात सिलिका जेल ठेवा. दाणे निळे असतील तर ते गुलाबी झाले की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात.

चरा झाकायचाच असेल तर ब्लूइंग केलेल्या पोलादासाठी बाटलीत मिळणारं थंड ब्लूइंग असतं. त्यात सेलेनियमची संयुगं असतात, म्हणजे विषच; हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. जागा ॲसिटोनने पुसा आणि मग तिला बोट लावू नका, कारण बोटाच्या तेलाने ठिपके राहतात. कापसाच्या काडीने द्रावण लावा, अर्ध्या ते एका मिनिटाने पाण्याने धुवा, वाळवा, अतिबारीक ०००० नंबरच्या पोलादी लोकरीने हलकेच चोळा. असं तीन-चारदा करून शेवटी तेल लावा. धुण्यात कसूर झाली तर उरलेलं आम्ल दोन दिवसांत तांबूस गंज आणतं. ॲल्युमिनियमवर आणि स्टेनलेसवर हे द्रावण चालत नाही. स्टेनलेसवर मूळ घासणीच्या रेघांच्या दिशेनेच नायलॉनची बारीक घासणी फिरवावी. तिथे पोलादी लोकर नको, तिचे कण रुतून बसतात आणि गंजाचे ठिपके उठतात.

संपूर्ण मुलामा नव्याने चढवण्याचा मोह आवरलेला बरा. पॉलिश करताना कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं पुसट होतात. १९५५ पासून बनलेल्या कोल्ट पायथनसारख्या हत्याराचं मूळ ब्लूइंग थोडं विटलेलं असलं तरी संग्राहक नव्याने चकाकवलेल्यापेक्षा त्यालाच जास्त भाव देतात. भारतात तर कायद्याचाही प्रश्न येतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे, आणि दुरुस्तीचं काम परवानाधारकाकडेच करावं लागतं. ओरखडा क्रमांकाच्या आसपास असेल तर तिथे पॉलिश पेपर फिरवू नका. चरा राहू द्या, तेल लावा.