काको-२ चाचणीसाठी नमुना पाठवण्याआधी

तोंडाने घेतलेलं औषध आतड्याच्या अस्तरातून कितपत पार होईल, हे काको-२ चाचणी सांगते. सगळ्यात जास्त फोन येतात ते रिपोर्ट कधी मिळेल हे विचारायला. काको-२ पेशी मूळच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातल्या. पण सच्छिद्र पडद्यावर वाढवल्या की साधारण २१ दिवसांत त्यांचा लहान आतड्याच्या अस्तरासारखा सलग थर तयार होतो. पेशींमधले सांधे घट्ट होतात आणि आत आलेलं औषध परत फेकणारे पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप कामाला लागतात. आठवडाभरात थर तयार करायच्याही पद्धती आहेत. आम्ही त्या वापरत नाही, कारण पंप औषध परत फेकतात का, हेच तुम्हाला बहुधा हवं असतं आणि घाईच्या थरात त्याचा भरवसा नसतो. दर आठवड्याला नवी प्लेट लावलेली असते. आधी कळवलंत तर एक राखून ठेवतो.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे: पातळ स्टॉक, म्हणजे डीएमएसओ या द्रावकात विरघळवून पाठवलेलं कमी तीव्रतेचं औषध. कुपीत १ मिलिमोलर आणि फॉर्मवर चाचणीसाठी ५० मायक्रोमोलर! म्हणजे फक्त वीसपट पातळ करायचं, आणि पेशींवर ५ टक्के डीएमएसओ. एवढ्यात सांधे सैल पडतात. एरवी जेमतेम झिरपणारं औषधही मग सहज पलीकडे जातं आणि पारगम्यतेचा आकडा छान येतो. छान आला म्हणून कुणी शंकाही घेत नाही.

आम्ही थराचा विद्युतरोध आधी-नंतर मोजतो, ल्युसिफर यलो हा चमकणारा रंग थरातून गळतोय का पाहतो, शेजारी तुलनेसाठी अटेनोलॉल (कमी झिरपणारं औषध) आणि प्रोप्रानोलॉल (सहज झिरपणारं) चालवतो. त्यामुळे असा आकडा आमच्याकडून बाहेर जात नाही. पण प्लेट वाया जाते, तिच्यासोबत तुमचे तीन आठवडेही. म्हणून डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या वर जाणार असेल तर आम्ही काम सुरूच करत नाही, आधी फोन करतो. काहींना हा हट्ट वाटतो. १० मिलिमोलरचा स्टॉक पाठवा, तेच ५० मायक्रोमोलर बरोबर ०.५ टक्क्यात बसतं. विरघळत नसेल तर पावडर द्या. विरघळवून बघायचे पैसे आम्ही लावत नाही.

कोटेशनमधली विषाक्तता चाचणी बिल फुगवायला घातलेली नाही. पेशी मेल्या की थर फाटतो आणि औषध पार झाल्यासारखं दिसतं. यकृताला अपाय होईल का, हे मात्र या पेशी सांगणार नाहीत. पॅरासिटामॉलचं विषारी रूप मुख्यतः यकृतातल्या एन्झाइम्समुळे तयार होतं. त्यासाठी मानवी यकृतपेशींवरची चाचणी आमच्याकडे आहे, दर वेगळा.

आणि कुपीवर क्षार आहे की मूळ रेणू, तेवढं लिहाच. प्रोप्रानोलॉलचा रेणुभार २५९.३, त्याच्या हायड्रोक्लोराइड क्षाराचा २९५.८; म्हणजे वजन तेच घेतलं तरी तीव्रता वेगळी येते. न लिहिलेली कुपी आम्ही बाजूला ठेवतो.