लिबर्टेरियन पक्ष, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राजकीय पक्ष. नागरिकाच्या खाजगी जीवनात आणि आर्थिक व्यवहारांत सरकारने कमीत कमी ढवळाढवळ करावी, ही त्याची मूळ भूमिका. त्यामुळे करकपात, खुला व्यापार, शस्त्र बाळगण्याचा हक्क या मुद्द्यांवर तो उजव्यांच्या जवळचा वाटतो, तर अमली पदार्थांवरील बंदी उठवणे, सक्तीच्या लष्करभरतीला विरोध, परदेशांतील युद्धांपासून अलिप्तता या मुद्द्यांवर डाव्यांच्या. १९७२ पासूनच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत पक्षाने उमेदवार दिला. पण त्याच्या तिकिटावर अमेरिकी काँग्रेसच्या कोणत्याही सभागृहात आजवर कोणी निवडून गेलेले नाही. मिशिगनचे प्रतिनिधी जस्टिन अमॅश २०२० मध्ये पक्षात दाखल झाले तेव्हा काही महिने पक्षाची एक जागा मानली गेली. ते मूळ निवडून आले होते रिपब्लिकन म्हणून.

स्थापना : पक्षाची जन्मतारीख कोणती धरावी यावर मतभेद आहेत. डेव्हिड नोलन व त्यांचे मोजके सहकारी १९७१ च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे नोलन यांच्या घरी जमू लागले होते. ११ डिसेंबर १९७१ रोजी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे पक्ष रीतसर स्थापन झाला; जाहीर घोषणा जानेवारी १९७२ अखेरीस झाली आणि पहिले अधिवेशन त्याच वर्षी जूनमध्ये डेन्व्हरला भरले. पक्ष स्वतः ११ डिसेंबर हीच तारीख पाळतो. काही संदर्भग्रंथांत स्थापनावर्ष १९७२ असे आढळते, ते बहुधा घोषणेवरून वा अधिवेशनावरून दिलेले असावे.

स्थापनेमागील कारणांबाबतचा वाद अधिक महत्त्वाचा आहे. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वेतन व किमती गोठवल्या आणि डॉलरचा सोन्याशी असलेला दुवा तोडला. रिपब्लिकन अध्यक्षानेच बाजारावर नियंत्रणे लादल्याने नोलन व त्यांच्या मित्रांचा भ्रमनिरास झाला, आणि त्यातून पक्ष जन्मला, असे पक्षाच्या इतिहासात सामान्यतः सांगितले जाते. दुसरे मत बीज दोन वर्षे मागे नेते. ‘यंग अमेरिकन्स फॉर फ्रीडम’ या पुराणमतवादी तरुणांच्या संघटनेचे अधिवेशन ऑगस्ट १९६९ मध्ये सेंट लुईसला भरले. व्हिएतनाम युद्ध व सक्तीची लष्करभरती यांवरून तेथे उघड फूट पडली. भर सभेत एका प्रतिनिधीने लष्करभरतीचे कार्ड, काहींच्या मते त्याची नक्कल, पेटवले आणि सभागृहात धक्काबुक्की झाली. स्वातंत्र्यवादी (लिबर्टेरियन) गट त्यानंतर संघटनेबाहेर पडला किंवा काढला गेला. तिसरे मत थेट रिपब्लिकन अध्यक्षीय उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या १९६४ च्या प्रचारापर्यंत जाते. पण त्या प्रचारातून घडलेले बहुतेक कार्यकर्ते रिपब्लिकन पक्षातच राहिले, हे पाहता हे मत फार ताणलेले वाटते. १९६९ ची फूट हे कारण आणि १९७१ चा वटहुकूम हे निमित्त, अशी सांगड घातली की उपलब्ध पुराव्याशी मेळ बसतो. नाहीतर केवळ किंमतनियंत्रणावर चिडलेल्या पक्षाने पहिल्याच जाहीरनाम्यात लष्करभरतीला इतके स्थान का द्यावे, याचा उलगडा होत नाही.

सदस्यत्वाच्या प्रतिज्ञेचाही असाच वाद आहे. राजकीय वा सामाजिक उद्दिष्टे साधण्यासाठी बळाचा वापर आपण होऊन सुरू करणे मला मान्य नाही, अशा आशयाच्या मजकुरावर प्रत्येक सदस्य सही करतो. पक्षातील तत्त्वनिष्ठ गट तिच्याकडे अनाक्रमणाच्या तत्त्वाची शपथ म्हणून पाहतो आणि तिच्या आधारे कर हीदेखील बळजबरीच, असा निष्कर्ष काढतो. नोलन यांनी मात्र पुढे सांगितले की, हा पक्ष सशस्त्र क्रांती करू पाहणाऱ्यांपैकी नाही याची सरकारला व जनतेला ग्वाही मिळावी, एवढाच हेतू होता. त्या काळी राजकीय गटांवर चालणारी गुप्त पाळत लक्षात घेता नोलन यांचे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. आयन रँड यांच्या लेखनाचा प्रभाव असलेले अनेक जण पक्षात होते; स्वतः रँड यांनी मात्र पक्षाला जाहीरपणे झिडकारले.

निवडणुकांतील वाटचाल : १९७२ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन हॉस्पर्स अध्यक्षपदाचे आणि ओरेगनच्या टोनी नेथन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या दोनच राज्यांच्या मतपत्रिकेवर त्यांची नावे होती आणि एकूण मते चार हजारांच्या आतच राहिली. पण डिसेंबरमध्ये निर्वाचकगणाचे (राष्ट्राध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या राज्याराज्यांतील निर्वाचकांचे) मतदान झाले तेव्हा व्हर्जिनियातील रॉजर मॅकब्राइड या रिपब्लिकन निर्वाचकाने निक्सन यांना वचनबद्ध असलेले आपले मत हॉस्पर्स-नेथन यांना दिले. निर्वाचकगणाचे मत मिळवणारी अमेरिकेच्या इतिहासातील पहिली स्त्री हा मान त्यामुळे टोनी नेथन यांच्याकडे जातो. पक्षाबाहेर ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती सांगितली जायला हवी. मॅकब्राइड १९७६ मध्ये पक्षाचे अध्यक्षीय उमेदवार झाले.

१९८० मध्ये एड क्लार्क यांना सुमारे ९ लाख २१ हजार, म्हणजे १.०६ टक्के मते मिळाली. उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते उद्योगपती डेव्हिड कोक. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७६ च्या ‘बकली वि. व्हॅलेओ’ निकालाने उमेदवाराला स्वतःच्या प्रचारावर स्वतःचा कितीही पैसा खर्च करता येत होता; कोक यांना उमेदवारी देण्यामागे हा हिशेब होता. टक्केवारीतला हा उच्चांक ३६ वर्षे टिकला. २०१६ मध्ये न्यू मेक्सिकोचे माजी गव्हर्नर गॅरी जॉन्सन आणि मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जोडीने सुमारे ४४ लाख ९० हजार (३.३ टक्के) मते घेतली. २०२० मध्ये जो जॉर्गेन्सन यांना १.२ टक्के, तर २०२४ मध्ये चेस ऑलिव्हर यांना ०.४ टक्के मते पडली. राज्यांच्या विधिमंडळांत अलास्का (डिक रँडॉल्फ, १९७८), १९९० च्या दशकाच्या प्रारंभी न्यू हॅम्पशर आणि २०२० मध्ये वायोमिंग येथे तुरळक यश आले. नगरपालिका व शाळा मंडळांवरही पक्षाचे सदस्य आहेत. यांतील बऱ्याच निवडणुका पक्षविरहित असतात.

मतपत्रिकेवरील प्रवेश : अमेरिकेतील कोणत्याही तिसऱ्या पक्षाची खरी लढत मतदानाच्या दिवसाआधीच सुरू होते. १८८० च्या दशकापर्यंत सरकारी मतपत्रिका नव्हती. प्रत्येक पक्ष आपापली पत्रिका छापून मतदाराच्या हाती देई. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने गुप्त मतदानाची ऑस्ट्रेलियन पद्धत स्वीकारली आणि काही वर्षांत ती बहुतेक राज्यांत रुळली. मतखरेदीला त्यामुळे आळा बसला, पण पत्रिकेवर कोणाचे नाव छापायचे हे ठरवण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडे, पर्यायाने दोन मोठ्या पक्षांकडे गेला. निवडणूक आयोगासारखी संपूर्ण देशासाठी उमेदवारीचे नियम ठरवणारी स्वतंत्र यंत्रणा तेथे नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आहेत. भारतात अमान्यताप्राप्त पक्षाच्या लोकसभा उमेदवाराला दहा सूचक आणि २५ हजार रुपयांची अनामत पुरते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील तपशिलाचे वजन कळेल.

जॉर्जिया राज्याचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथील १९४३ च्या कायद्यापासून तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला अमेरिकी प्रतिनिधिगृहासाठी उभे राहायचे तर मतदारसंघातील नोंदणीकृत मतदारांपैकी पाच टक्क्यांच्या सह्या आणाव्या लागतात. ही संख्या सामान्यतः वीस हजारांच्या पुढे जाते. मुदत १८० दिवसांची. एका कागदावर एकाच काउंटीतील (जिल्ह्यासारख्या विभागातील) मतदारांच्या सह्या चालतात, आणि सह्या गोळा करणाऱ्याने नोटरीपुढे प्रतिज्ञापत्र करायचे असते. वर त्या पदाच्या वार्षिक वेतनाच्या तीन टक्के, म्हणजे ५,२२० डॉलर शुल्क. दारोदार फिरून मिळवलेली सही पत्ता जुना आहे किंवा मतदार पलीकडच्या मतदारसंघातला आहे एवढ्यावरून बाद होते, म्हणून गरजेपेक्षा कितीतरी जास्त सह्या जमवाव्या लागतात. १९४३ पासून नियमित निवडणुकीत तिसऱ्या पक्षाच्या एकाही उमेदवाराला ही अट पुरी करता आलेली नाही. गंमत नव्हे, वस्तुस्थिती अशी की याच राज्यात लिबर्टेरियन पक्ष १९८८ पासून राज्यव्यापी पदांसाठी पात्र आहे: अमेरिकी सिनेटसाठी त्याचा उमेदवार सह्यांशिवाय उभा राहतो, पण त्याच पक्षाचा प्रतिनिधिगृहाचा उमेदवार एका मतदारसंघातही उभा राहू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘विल्यम्स वि. ऱ्होड्स’ (१९६८) मध्ये ओहायोची पंधरा टक्क्यांची अट घटनाबाह्य ठरवली होती. परंतु ‘जेनेस वि. फोर्टसन’ (१९७१) मध्ये जॉर्जियाची पाच टक्क्यांची अट उचलून धरली. पक्षाने अलीकडे दिलेल्या आव्हानात खालच्या न्यायालयाने २०२१ मध्ये पक्षाच्या बाजूने कौल दिला, तो अपील न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फिरवला.

मिळवलेले स्थान टिकतेच असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१८ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पक्षाने पन्नास हजार मतांची तेव्हाची अट पार करून मान्यता मिळवली. २०२० मध्ये राज्याने अट १ लाख ३० हजार मते किंवा दोन टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी केली आणि ती दर दोन वर्षांनी लागू केली. त्याच वर्षी पक्षाची मान्यता गेली. १९८०, १९९२, १९९६, २०१६ आणि २०२० या निवडणुकांत पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार पन्नासही राज्यांत मतपत्रिकेवर होता. प्रचारासाठीचा केवढा पैसा आणि किती कार्यकर्त्यांचे श्रम त्याआधीच सह्यांवर खर्ची पडले असतील, याची कल्पना मतांच्या टक्केवारीवरून येत नाही.

मते खाण्याचा आक्षेप : जॉर्जियात पन्नास टक्क्यांहून अधिक मते कोणालाच नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक सिनेटर वाइच फाउलर आघाडीवर असूनही लिबर्टेरियन उमेदवाराच्या सुमारे तीन टक्के मतांमुळे पन्नास टक्के गाठू शकले नाहीत आणि दुसऱ्या फेरीत हरले. डेमोक्रॅटिक बहुमताच्या विधिमंडळाने मग मर्यादा ४५ टक्क्यांवर आणली, आणि १९९६ मध्ये त्यांचे मॅक्स क्लेलंड पन्नासच्या आत राहूनही निवडून आले. रिपब्लिकनांची सत्ता आल्यावर मर्यादा पुन्हा पन्नास झाली. ती त्यांच्यावरच उलटली: २०२० मध्ये रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड पर्ड्यू ४९.७ टक्क्यांवर अडकले आणि जानेवारी २०२१ च्या फेरीत डेमोक्रॅट जॉन ऑसॉफ यांच्याकडून हरले. २०२२ मध्ये दोन टक्क्यांच्या आसपास मते घेऊन डेमोक्रॅट राफाएल वॉर्नॉक व रिपब्लिकन हर्शेल वॉकर यांची सिनेटची लढत दुसऱ्या फेरीत नेणारे उमेदवार म्हणजेच पुढचे अध्यक्षीय उमेदवार चेस ऑलिव्हर. नुकसान आज एका पक्षाचे, उद्या दुसऱ्याचे होते. त्यामुळे लिबर्टेरियन उमेदवार नेहमी रिपब्लिकनांचीच मते खातो हे प्रचलित विधान जपून स्वीकारावे.

वादसभा व निधी : अध्यक्षीय वादसभांचा आयोग १९८७ मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या पुढाकाराने स्थापन झाला. २००० पासून त्याने राष्ट्रीय चाचण्यांत सरासरी पंधरा टक्के पाठिंब्याची अट घातली. २०१६ च्या उन्हाळ्यात जॉन्सन काही चाचण्यांत दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले, पण मंचावर आले नाहीत. सप्टेंबरमधील दूरचित्रवाणी मुलाखतीत सीरियातील अलेप्पो शहराविषयी विचारले असता ‘अलेप्पो म्हणजे काय?’ असा प्रतिप्रश्न त्यांनी केला, त्याचाही फटका बसला. अध्यक्षीय निवडणुकीत पाच टक्के मते मिळाली तर पक्षाला सरकारी निधी मिळतो. करदात्याच्या पैशाला तत्त्वतः विरोध करणाऱ्या पक्षात तो घ्यावा की नाही यावर वाद आहे.

कारणमीमांसा : एका मतदारसंघातून एकच विजयी निवडणाऱ्या पद्धतीत द्विपक्षव्यवस्था रूढ होते, हे फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्यूव्हर्जे यांचे १९५१ मधील प्रतिपादन येथे सर्रास लावले जाते. आपले मत वाया जाईल या भीतीने मतदार तिसऱ्याला टाळतो, हे खरेच. पण हीच पद्धत भारतात, कॅनडात, ब्रिटनमध्ये असून तेथे तिसरे-चौथे पक्ष टिकून आहेत. म्हणून काही अभ्यासक मतपत्रिकेच्या कायद्यांवर, तर काही प्रायमरी निवडणुकांवर (पक्षाचा उमेदवार मतदारांनीच ठरवण्याच्या फेरीवर) भर देतात, आणि ही दुसरी बाजू अधिक विचारात घेण्याजोगी आहे. प्रायमरीमुळे बंडखोराला मोठ्या पक्षाचे दार आतूनच उघडता येते. १९८८ मध्ये लिबर्टेरियन उमेदवार म्हणून अर्धा टक्काही मते न मिळालेले रॉन पॉल २००८ व २०१२ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत उतरले आणि त्याच विचारांना देशभर श्रोते मिळाले. समविचारी लोकांनी एकाच राज्यात स्थायिक व्हावे यासाठी २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्री स्टेट प्रोजेक्ट’मधून न्यू हॅम्पशरला राहायला गेलेल्या कार्यकर्त्यांपैकी विधिमंडळात पोहोचलेले बहुसंख्य रिपब्लिकन तिकिटावरच लढले.

अंतर्गत प्रवाह : शासन अजिबात नको म्हणणारे आणि न्याय-संरक्षणापुरते हवे म्हणणारे यांच्यात १९७४ मध्ये डॅलस येथे समझोता झाला, जाहीरनाम्याने या प्रश्नावर मौन पाळायचे ठरले. १९८३ मध्ये कोक आणि पक्षाचे माजी राष्ट्रीय अध्यक्ष एड क्रेन यांचा गट बाहेर पडला. २००० मध्ये ॲरिझोनाच्या शाखेने राष्ट्रीय उमेदवार हॅरी ब्राउन यांच्याऐवजी दुसऱ्याच व्यक्तीचे नाव मतपत्रिकेवर दिले. मे २०२२ च्या रीनो अधिवेशनात मीझेस कॉकस या गटाने नेतृत्व ताब्यात घेतले. मे २०२४ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून डोनाल्ड ट्रम्प अधिवेशनात बोलले. प्रतिनिधींनी त्यांची हुर्यो उडवली, आणि उमेदवारी मात्र विरोधी गटाच्या ऑलिव्हर यांना मिळाली.

भारतीय समांतर : काँग्रेसच्या जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनातील सहकारी शेतीच्या ठरावाविरुद्ध त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी ‘स्वतंत्र पक्ष’ या नावाचा पक्ष काढला. १९६७ मध्ये त्याने लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या. १९७४ मध्ये तो भारतीय लोकदलात विलीन झाला. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला. येथील अडचण वेगळ्या प्रकारची आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २९-अ १९८९ पासून नोंदणीसाठी पक्षाच्या घटनेत समाजवादावरील निष्ठा नमूद करायला लावते. ही अट काढावी यासाठी जोशी यांनी राज्यसभा सदस्य असताना २००५ मध्ये खाजगी विधेयक आणले. ते संमत झाले नाही. अट अद्याप कायम आहे.