पाण्यातले मीठ मोजणारा पांढरा साका

विहिरीच्या पाण्यातील क्लोराइड, म्हणजे मिठातला क्लोरिनचा अंश, मोजायचे असेल, तर नागपुरातल्या प्रयोगशाळांत आजही सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराची तपकिरी बाटली हाती घेतली जाते. पाण्यात त्याचे थेंब पडताच दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा साका धरतो, तो सिल्व्हर क्लोराइडचा. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात हा क्षार जेमतेम २ मिलिग्रॅम विरघळतो आणि त्याचे सारे महत्त्व या न विरघळण्यात आहे.

इतवारीच्या सराफ्यात चांदीचा कस पाहिला जातो, तोच प्रश्न एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या टांकसाळीपुढे होता. शिशाबरोबर भट्टीत तापवण्याची जुनी रीत काही चांदी गमावत असे. म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८३२ मध्ये चांदी नायट्रिक आम्लात विरघळवून, तीत ठरावीक तीव्रतेचे मिठाचे पाणी घालून, ढवळून, साका खाली बसल्यावर पुढच्या थेंबाने गढूळपणा येतो की नाही हे पाहण्याची रीत घालून दिली. रीत अचूक खरी, पण चिकाटीची परीक्षा पाहणारी.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिश मोर यांनी १८५६ मध्ये हाच हिशेब उलटा मांडला. आता चांदीचे प्रमाण ठाऊक आणि क्लोराइडचे अज्ञात. दर्शक म्हणून, म्हणजे क्रिया संपल्याचे रंगाने सांगणारे द्रव्य म्हणून, त्यांनी पोटॅशियम क्रोमेट वापरले. त्यापासून बनणारे सिल्व्हर क्रोमेट सिल्व्हर क्लोराइडपेक्षा थोडे अधिक विरघळते, त्यामुळे सगळे क्लोराइड साक्यात गेल्यावरच विटकरी रंग उमटतो. पाणी आम्लधर्मी असेल तर मात्र हा रंग उशिरा येतो.

साका उन्हात राहिला की जांभळट काळा पडतो. मे महिन्यातल्या नागपुरात कोणीही याचा दोष उकाड्याला देईल. पण हे काम उष्णतेचे नसून प्रकाशाचे, त्यातही जांभळ्या किरणांचे अधिक, हे रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७७७ मध्येच दाखवले होते. छायाचित्रणाचे एक जनक टॅलबट यांच्या कागदी छायाचित्रांचा पाया तोच. अडचण होती ती न काळवंडलेला क्षार काढून टाकण्याची. इंग्रज शास्त्रज्ञ हर्शेल यांना १८१९ मध्ये सापडलेला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, हा क्षार विरघळवतो, म्हणून पुढे चित्रे टिकू लागली.

नागपुरात १९५८ मध्ये पाणी व सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनासाठी जी संस्था उभी राहिली, तीच आजची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. पिण्याच्या पाण्यात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. पण परीक्षकाचे लक्ष या आकड्यापेक्षा त्यातल्या बदलाकडे असते. मूत्रातले मीठ मातीत अडकत नाही, त्यामुळे विहिरीचे क्लोराइड एकाएकी वाढले की आधी जवळच्या सांडपाण्याच्या नाल्यावर संशय जातो.