एकशेदहा वॅट आणि नैऋत्येचा सबवूफर

भाच्याचा फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. "मावशी, तू एवढी वर्षं फिजिक्स शिकवलंस, एक सांग. आमचा रिसीव्हर ८० वॅटचा आहे. नवा ११० वॅटचा बघून ठेवलाय. घेऊ का?"

कशासाठी, म्हटलं. तर सिनेमातले संवाद कळत नाहीत. आवाज वाढवला की कळतात, पण तेवढ्यात पडद्यावर काहीतरी फुटतं आणि खालच्या मजल्यावरच्या काकू बेल वाजवतात. यावर चिरंजीवांनी शोधलेला उपाय म्हणजे आणखी ३० वॅट.

ज्यांच्या घरी हे प्रकरण नाही त्यांच्यासाठी: रिसीव्हर म्हणजे टीव्ही आणि स्पीकर यांच्यामधली ती जड काळी पेटी. सिनेमाचा आवाज गुंडाळून आलेला असतो. तो उलगडायचा, समोरचा, बाजूचा, मागचा असा वाटून द्यायचा आणि प्रत्येक स्पीकर हलेल एवढी ताकद पुरवायची, ही तिची कामं. यातलं तिसरं काम वॅटमध्ये मोजतात आणि खोक्यावर तेच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात.

आता कानाचं गणित. ताकद दुप्पट केली की आवाज वाढतो ३ डेसिबल (आवाज मोजायचं एकक). कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट. ८० वरून ११० वर गेलात तर मिळतात जेमतेम १.४ डेसिबल. एका डेसिबलचा फरक नीट लक्ष देऊन ऐकला तरच कळतो. भाच्याचे स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ८७ डेसिबल देणारे आहेत. सोफ्यापर्यंत पोचेतो त्यातले ८० तरी उरतात, आणि आपण घरात बोलतो ते ६० च्या आसपास. म्हणजे बहुतेक संध्याकाळी तो एका वॅटच्या आतबाहेर सिनेमा बघतो. उरलेले ७९ फक्त स्फोटापुरते. आणि 'दुप्पट' हवं असेल तर ११० ने भागणार नाही, ८०० लागतील.

शिवाय तो ११० कसा मोजलाय तेही बघावं. एकच चॅनल, म्हणजे एकाच स्पीकरची वाट, चालू ठेवून, ६ ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध), फक्त १००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या एकाच सुराला, १० टक्के विकृती चालवून घेऊन मोजला की आकडा फुगतो. दोन चॅनल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ अशी ओळ माहितीपत्रकात बारीक अक्षरात असते, ती खरी. दुकानात ती वाचायला चष्मा लागतो आणि विक्रेत्याला तेवढा वेळ नसतो.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मग संवाद का कळत नाहीत?" याचं उत्तर फोनवर देता येणारं नव्हतं. रविवारी मुलुंडला गेले.

ताईचा हॉल चौदा फूट बाय दहा फूट, उंची नऊ फूट. खाली व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला सरकत्या काचा. टीव्ही अरुंद भिंतीवर, सोफा समोरच्या भिंतीला पाठ टेकून. मुंबईत सोफा भिंतीला टेकलेलाच असतो, दुसरीकडे जागा कुठे आहे? सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या पट्टीतले आवाज काढणारा जड स्पीकर, कोपऱ्यात. "हा इथेच का?" विचारलं, तर ताई म्हणाली, "वास्तुवाले आले होते ना, जड वस्तू नैऋत्येला ठेवा म्हणाले." ध्वनीला दिशा कळत नाहीत, भिंती कळतात. बावीस किलोचा सबवूफर नैऋत्येला ठेवल्याने घरात लक्ष्मी आली की नाही ठाऊक नाही, पण घुमारा मात्र आला होता.

फोनवरच्या टोन जनरेटरने ४१ हर्ट्झचा सरळ सूर सबवूफरमधून लावला. सोफ्यावर बसलं की छातीत गुरगुर, शोकेसमधले काचेचे ग्लास किणकिणताहेत. उठून टीव्हीकडे चालायला लागलं की आवाज कमी कमी होत जातो आणि बरोब्बर हॉलच्या मध्यावर, पंख्याखाली, जवळजवळ नाहीसा होतो. आणखी पुढे गेलं की टीव्हीच्या भिंतीशी पुन्हा गुरगुर. भावोजी तीनदा येरझाऱ्या घालून आले. "बंद पडतोय का गं मधे?" सूर तोच होता, सबवूफरही तेवढाच वाजत होता.

यामागची गोष्ट मला वर्गातही फार आवडायची. मुंबईच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४८ मीटर धावतो. सबवूफरने हवेला एक ढकल दिली की ती दाबाची लाट समोरच्या भिंतीवर आपटून परत येते. चौदा फूट म्हणजे ४.२७ मीटर, जाऊन-येऊन ८.५४. लाट परत येते नेमकी त्याच क्षणी सबवूफरने पुढची ढकल दिली तर? झोपाळा परत आला की बरोबर त्या वेळी हात लावावा तसं होतं. थोड्या थोड्या ढकलीने झोका चढत जातो. हे जुळून येतं सेकंदाला ३४८ भागिले ८.५४, म्हणजे ४१ वेळा. म्हणून ४१ हर्ट्झ. कंपनीने रिसीव्हरमध्ये घातलेला हा आकडा नव्हे, बिल्डरने घरात बांधून दिलेला आहे.

जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळून जागच्या जागी हेलकावणारा जो आकार तयार होतो तो स्थिर तरंग. दोन्ही भिंतींशी दाबाचा चढउतार सर्वांत जास्त. मध्यावर मात्र एक लाट दाब वाढवत असते तेव्हा दुसरी तेवढाच कमी करत असते, बेरीज शून्य. गंमत अशी की मध्यावरची हवा स्तब्ध नसते, उलट तिथेच ती सर्वांत जोरात पुढेमागे हलते. पण आपला कान हवेचं हलणं ऐकत नाही, दाब ऐकतो. म्हणून पंख्याखाली शांतता.

रुंदीचा सूर ५७ हर्ट्झ, उंचीचा ६३, लांबीचाच दुसरा ८१, आणि वर कोपऱ्याकोपऱ्यांतून तिरके जाणारे वेगळेच. तुमच्याही खोलीचा काढता येईल: मीटरमधल्या लांबीच्या दुपटीने ३४८ ला भागा. चार फूट रुंदीच्या बाथरूमचा येतो १४३ हर्ट्झच्या आसपास. पुरुष गायक ज्या पट्टीत षड्ज लावतात त्या काळी एक आणि पांढरी दोन यांच्या हा अगदी मधोमध. बाथरूममध्ये गाणाऱ्या प्रत्येक काकांचा षड्ज भरदार का लागतो आणि बाहेर आल्यावर तो कुठे जातो, याचा उलगडा यात आहे.

कोपरा ही अशी जागा की जिथे खोलीच्या झाडून सगळ्या स्थिर तरंगांचा दाब कमाल असतो. तिथे ठेवलेला सबवूफर प्रत्येक झोपाळ्याला ढकलतो. आणि मागच्या भिंतीला टेकलेला सोफा लांबीच्या प्रत्येक झोक्याच्या टोकाशी. म्हणजे वाजवणाराही टोकावर आणि ऐकणाराही.

बरं, झोका थांबवला तरी लगेच थांबत नाही. सुराच्या दोन्ही बाजूंना समजा मिळून ३ हर्ट्झच्या पट्ट्यात खोली प्रतिसाद देते, तर २.२ भागिले ३, म्हणजे जवळपास पाऊण सेकंद तो घुमारा ६० डेसिबल उतरायला घेतो. पट्टा जितका अरुंद तितकं रेंगाळणं लांब. पडद्यावरचा 'धाड्' घरात 'धाऽऽम्म्म्' होतो आणि त्या पाऊण सेकंदात नायक जे बोलतो ते वाहून जातं, कारण खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजाला झाकतो. व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. संवाद जातात ते इथे. वॅट वाढवले तर दोन्ही वाढतील.

संवादांचा दुसरा शत्रू टाइल आणि काच. हॉलमध्ये टाळी वाजवली तर 'टर्रर्र' असं उत्तर आलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या नव्या व्याख्यानगृहात प्राध्यापकांचं बोलणंच कळेना, तेव्हा वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची एक नळी वाजवून स्टॉपवॉचने आवाज विरायला लागणारा वेळ मोजला, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवल्या. खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त आणि शोषणारं कापड जितकं जास्त तितकं कमी, हे त्यातून निघालं. ताईकडे जाड सतरंजी आणि पडदे आल्यावर टाळीचं 'टर्र' गेलं. पण ४१ हर्ट्झला पडद्याने काही होत नाही. त्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. ती नीट शोषायची तर भिंतीपासून तिच्या पावपट, म्हणजे दोन मीटरपर्यंत कापूस भरावा लागेल. मग माणसांनी बाल्कनीत झोपायचं.

मग रिसीव्हर बदलून काहीच होत नाही का? होतं, पण वेगळ्या कारणासाठी. आजच्या रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, पेटी प्रत्येक स्पीकरमधून चाचणीचे आवाज सोडते, माइकने ऐकलेलं मूळ आवाजाशी ताडून बघते आणि खोलीने फुगवलेल्या सुरांचे उंचवटे उलट्या बाजूने छाटते. ऑडिसी, डिरॅक, यामाहाचं वायपाओ ही याच कामाची नावं. एकाच जागी मोजणारी आणि सहा-आठ जागी मोजणारी यांत फरक आहे, तसंच सबवूफरच्या पट्टीत बारीक काम करणारी आणि वरवर करणारी यांतही. पैसे टाकायचे तर इथे टाकावेत.

पुढचं थोडं जड आहे. उंचवटा छाटला की नुसता आवाज कमी होत नाही, रेंगाळणंही आखूड होतं. खालच्या पट्टीत खोलीचा एकेकटा स्थिर तरंग गणिताच्या भाषेत मिनिमम फेज असतो, म्हणजे त्याच्या बरोबर उलट्या आकाराचा फिल्टर लावला की वारंवारतेतलं आणि काळातलं दुखणं एकदमच बरं होतं. खड्ड्याचं तसं नाही. पंख्याखालच्या शांततेत आवाज भरायला गेलात तर जाणारी लाट दुप्पट होते, येणारीही दुप्पट होते आणि बेरीज शून्यच राहते. १० डेसिबल भरायच्या नादात सबवूफरला दहापट ताकद द्यावी लागते, तो धापा टाकतो, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी काही नाही. चांगली प्रणाली खड्ड्याला हात लावत नाही. खड्ड्यातून माणूस उठवावा लागतो, नाहीतर सबवूफर हलवावा लागतो.

कुठे हलवायचा ते शोधायची युक्ती जुनी आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खोली दोघांना तोच न्याय देते, हे १९व्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि रॅले या शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणून सबवूफर सोफ्यावर ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे आवाज सर्वांत सारखा, न घुमता ऐकू येतो तिथे सबवूफर. बत्तीस वर्षांचा भाचा डायनिंग टेबलाखालून रांगत निघाला तेव्हा ताईने फक्त "अरे, पोछा तरी मारू द्यायचा होतास" एवढंच म्हटलं. जागा सापडली लांब भिंतीच्या जवळजवळ मध्यावर, शू-रॅकच्या शेजारी. तिथून लांबीच्या पहिल्या झोपाळ्याला हात पोचतच नाही. रुंदीचे ५७ हर्ट्झ उरलेच, पण त्यांची शांत रेघ सोफ्याच्या मधल्या सीटवरून जाते, आणि ती सीट भावोजींची आहे. कडेला बसणाऱ्यांनी थोडं सोसावं.

नैऋत्य रिकामी झाली. तिथे आता तांदळाचा डबा आहे.

रात्री हळू आवाजात बघताना खालचा आवाज नाहीसा होतो तो वेगळा प्रकार, आणि तो दोष कानाचा. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो, तितकाच वाटायला ५० हर्ट्झला ७८ च्या आसपास लागतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये कानाची ही कंजुषी मोजून काढली. आवाज कमी केला की खालची पट्टी तेवढ्या प्रमाणात उचलून धरणारी सोय काही रिसीव्हरमध्ये असते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये ती ३० वॅटपेक्षा कितीतरी उपयोगी.

खरेदीला लॅमिंग्टन रोडला मीही गेले. टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) असेल तर रिसीव्हरलाही हवं, म्हणजे अ‍ॅटमॉसचा काही न गाळलेला, डोक्यावरूनही येणारा आवाज एका तारेतून येतो. सबवूफरसाठी दोन स्वतंत्र सॉकेट असली तर पुढेमागे दुसरा समोरच्या भिंतीशी ठेवून ५७ लाही गप्प करता येतं. मागचा शिक्का २३० व्होल्टचा हवा. अमेरिकेहून कुणी १२० व्होल्टचा आणला तर प्लग लावताक्षणी शेवटचा आवाज ऐकू येतो. एका दुकानात स्पीकरची सोन्याची तार दाखवली, 'आवाजात ऊब येते' म्हणून. सोनं तांब्यापेक्षा कमी वीजवाहक आहे. ते गंजत नाही, म्हणून खाऱ्या हवेत पिनांच्या टोकांना मुलामा असणं ठीक. अडीच चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या तारेला पाच मीटर जाऊन-येऊन ०.०७ ओहम रोध होतो, समोर स्पीकरचे ८ ओहम. उबेसाठी गोधडी आहे.

भाच्याने शेवटी ८० वॅटचाच घेतला, आठ जागी मोजणारा. मोजणीच्या वेळी घरात चिडीचूप लागते. पहिल्या खेपेला कुकरची शिट्टी झाली, दुसऱ्या खेपेला खालून 'भंगाऽऽर' आलं, तिसऱ्या खेपेला खिडकीत कबुतर. अखेर पंखे बंद करून, घामाघूम होत, सगळे श्वास धरून बसलो आणि पेटीने आठही जागी 'हुप्, हुप्' करून घेतलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या काकूंनी ताईला विचारलं, "काल तुमच्याकडे माकड शिरलं होतं का हो?"