बॅरल थरथरते, म्हणूनच नेम लागतो

स्वप्नील कुसाळेने ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून झाडायचा प्रकार) कांस्यपदक घेतलं. तेव्हापासून म्हापसा-फोंड्याकडच्या हौशी पोरांचा एक वाद कानावर येत असतो. अमेरिकन व्हिडिओ पाहून त्यांचं ठाम मत झालंय की कंपनीची तयार रायफल घेणारे भोळे. बॅरल म्हणजे नळी एकाची, ॲक्शन म्हणजे काडतूस आत बसवून उडवणारी यंत्रणा दुसऱ्याची, ट्रिगर तिसऱ्याचा, असं निवडून जुळवलेली रायफलच खरी. अमेरिकेत ही हौस फार जुनी आहे. १९६४पासून विकली जाणारी रूगर १०/२२ ही रायफल तर लोक मूळ रूपात ठेवतच नाहीत. पण उत्तम भागांची बेरीज म्हणजे उत्तम रायफल, हे गणित पॉइंट टू टूला, म्हणजे स्वप्नीलच्या स्पर्धेत चालणाऱ्या ०.२२ इंची रायफलीला, लागू पडत नाही. आणि का पडत नाही, ते मला भलतंच आवडतं.

पॉइंट टू टू लाँग रायफल हे काडतूस १८८७चं. त्याच्या पितळी पुंगळीच्या बुडाला जी कड असते, तिच्या घडीत ठेचताच पेटणारं मिश्रण असतं. चाप ओढला की रायफलीतली पिन कडेवर आपटते, कड चेमटते, मिश्रण पेटतं आणि दारू जळते. कड चेमटायला हवी म्हणून पितळ पातळ, आणि चेमटली की पुंगळी बाद. मोठ्या रायफलींचे नेमबाज रिकाम्या पुंगळ्या पुन्हा वापरतात, आपल्या बॅरलला मानवेल अशी दारू तोलून भरतात. रिमफायरवाल्याला, म्हणजे असं कडेवर पेटणारं काडतूस वापरणाऱ्याला, ती सोय नाही. कारखान्याने भरलं ते निमूट वापरायचं.

आता थोडा हिशेब. वस्तू किती वेळात किती खाली पडते ते सांगणारं शाळेतलं ½gt² आठवत असेल तर पुरे. स्पर्धेच्या काडतुसातली गोळी २.६ ग्रॅमची, सुटताना वेग सेकंदाला साधारण ३२५ ते ३३० मीटर. हवेच्या विरोधामुळे ५० मीटरची सरासरी ३१५ धरू. प्रवासाला ०.१५९ सेकंद लागले, तेवढ्यात गोळी १२.४ सेंटीमीटर खाली आली. पुढची गोळी दारूच्या किंचित फरकाने सेकंदाला १० मीटर मंद निघाली, तर ०.१६४ सेकंद आणि १३.२ सेंटीमीटर. फरक ८ मिलिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर एका वर्तुळापासून पुढच्या वर्तुळापर्यंतचं अंतरही नेमकं ८ मिलिमीटर असतं. म्हणजे नेमबाजाचा हात तसूभर हललेला नसताना एक अख्खा गुण गेला. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. स्वप्नीलची बेरीज ४५१.४ होती.

इथे बॅरल मदतीला येते. चाप ओढल्यापासून बॅरल मुळीच स्थिर नसते. पिनचा आघात, दारूचा दाब, मागे बसणारा धक्का, या सगळ्यांनी ती वाकते आणि थरथरते. ६६ सेंटीमीटर लांब, २२ मिलिमीटर जाड पोलादी नळी एका टोकाला घट्ट आवळली, तर तिची पहिली लय सेकंदाला सुमारे ३७ कंपनांची. एक आवर्तन जवळजवळ २७ मिलिसेकंदांचं. गोळी तर अडीच-तीन मिलिसेकंदांत बाहेर पडते, म्हणजे पहिल्या लयीचा जेमतेम दहावा हिस्सा होतो. वर दुसरी लय सवासहापट वेगवान, तिसरी साडेसतरापट. या लयींच्या मिश्रणातून बॅरलच्या तोंडाचा कोन क्षणाक्षणाला बदलतो. गोळी सुटण्याच्या वेळी तोंड वर उचललं जात असेल, तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणून किंचित जास्त कोनात सुटते. आपल्या उदाहरणात हा उशीर सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाहूनही कमी आहे आणि लागणारा वाढीव कोन ०.१६ मिलिरेडियन, म्हणजे ५० मीटरवर तेच ८ मिलिमीटर. तेवढं जुळलं की उशिराची आणि लवकरची गोळी एकाच भोकात. यालाच भरपाई म्हणतात. ए. मॅलॉक यांनी १९०१ सालीच रॉयल सोसायटीत बॅरलच्या कंपनांवर निबंध मांडला होता. आपल्या पोलिसांची जुनी थ्री-नॉट-थ्री लांब पल्ल्यावर याच गुणामुळे नावाजली गेली.

बॅरलची लांबी बदला, जाडी बदला, स्टॉकमधली (खांद्याला लावायच्या दस्त्यातली) बैठक बदला, तोंडाशी वजन अडकवा, लय बदलते. भरपाई हा एकेका भागाचा गुण नाहीच, सगळ्या जोडणीचा आहे. म्हणून मला विचाराल तर तयार रायफल घ्या. जर्मनीतल्या उल्मच्या आन्शूट्झसारखी कंपनी ॲक्शन, चेंबर (काडतूस बसतं तो खाचा), बॅरल आणि स्टॉक एकत्र आखते. उरलेले पैसे काडतुसांवर घाला. एली किंवा लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात तुमची बॅरल पकडीत बसवून निरनिराळ्या लॉटची, म्हणजे वेगवेगळ्या खेपांत बनलेली, काडतुसं झाडतात आणि जो लॉट जमेल त्याच्या पेट्या उचलायच्या. बॅरल काडतुसाला जुळवता येते. काडतूस बॅरलला नाही, ते फक्त निवडता येतं.

बॅरलच्या तोंडाशी लावून लय बदलायच्या फिरत्या वजनाचा, म्हणजे ट्यूनरचा, व्यापार मात्र जोरात आहे. पाच गोळ्या झाडायच्या, भोकं जवळ आली की ट्यूनर चालला म्हणायचं, नाही आली तर एक खूण फिरवून पुन्हा पाच. आपल्याकडे देवळात मनासारखा उजवा कौल मिळेस्तोवर पुन्हा पुन्हा कौल लावणारे असतात, तसंच हे. पाच गोळ्यांत योगायोगाचा वाटा फार मोठा. तीच मांडणी पुन्हा पुन्हा तपासून, पन्नास-शंभर गोळ्यांनंतरही फरक टिकला, तरच बोलावं.

आपल्याकडे कायद्याचाही मुद्दा आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. तेव्हा गॅरेजमध्ये रायफल जुळवण्याचं स्वप्न व्हिडिओपुरतंच ठेवलेलं बरं.

गोव्याच्या हवेत स्टॉक लाकडी असेल तर पावसाळ्यात फुगतो, बॅरलला कुठेतरी टेकतो आणि डिसेंबरात जमवलेली लय बिघडते. म्हणून ॲल्युमिनियमचा स्टॉक इथे बरा. आणि मे महिन्यात काडतुसांची पेटी उन्हातल्या गाडीत विसरू नका. तापलेली दारू गोळीला जास्त वेग देते, आणि मग वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.