फेरेट : उतारवयातील पशुवैद्यकीय काळजी

फेरेट (मुस्टेला प्यूटोरियस फ्यूरो) हा मुस्टेलिडी कुलातील पाळीव मांसाहारी प्राणी. तो यूरोपीय पोलकॅट या रानटी प्राण्यापासून सुमारे २,००० वर्षांपूर्वी किंवा त्याआधी माणसाळवला गेला असावा. आयुर्मान साधारण ५ ते ८ वर्षे. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासूनच तो उतारवयाचा मानतात व दर सहा महिन्यांनी तपासणी सुचवतात.

या वयात अधिवृक्क (मूत्रपिंडांजवळील अ‍ॅड्रिनल) ग्रंथींचा विकार वारंवार आढळतो. केस शेपटीकडून गळू लागतात व दोन्ही कुशींवर सारखेच विरळ होत जातात, खाज सुटते. निर्बीजीकरण झालेल्या मादीचे योनिमुख सुजते. नरात प्रॉस्टेट वाढून लघवी तुंबू शकते. अशा वेळी दिरंगाई जिवावर बेतते. कुत्र्याच्या कुशिंग या अधिवृक्क-विकारात कॉर्टिसोल हे हॉर्मोन वाढते, येथे मुख्यतः लैंगिक हॉर्मोने वाढतात. कारणाविषयी मतभेद आहेत. काही संशोधक आनुवंशिकतेवर, तर काही घरातील दिव्यांमुळे लांबलेल्या प्रकाशकालावर भर देतात. आणखी एका मतानुसार जननग्रंथी काढल्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युटरी) ग्रंथीवरील अंकुश सुटतो. तिचे पीतपिंडकारी हॉर्मोन (एलएच) सतत स्रवते आणि अधिवृक्काचे बाह्यक (बाहेरचा थर) वर्षानुवर्षे चेतवले जाऊन वाढते. नेदरलँड्समधील २००० सालच्या अभ्यासात निर्बीजीकरणाचे वय व रोगनिदानाचे वय यांचा संबंध दिसला. डेस्लोरेलिन या औषधाच्या त्वचेखालील रोपणाने हे हॉर्मोन दबते व लक्षणे ओसरतात. त्यामुळे हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरी मादीला निर्बीजीकरणाविना ठेवणे धोक्याचे आहे : समागमाविना तिचा माज लांबतो आणि इस्ट्रोजेनमुळे अस्थिमज्जा निकामी होऊन घातक रक्तक्षय होतो. शस्त्रक्रियेत डावी ग्रंथी तुलनेने सहज निघते. उजवी पश्च महाशिरेला लगटून असल्याने अवघड जाते.

इन्शुलिनोमा या स्वादुपिंडाच्या गाठीत रक्तशर्करा घसरते. प्राणी एकटक बघत थबकतो, लाळ गळते, पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडतो, मागचे पाय ओढत चालतो. हे म्हातारपणच समजून अनेकदा दुर्लक्ष होते आणि उपचारांची वेळ निघून जाते. झटका आल्यास हिरड्यांना मध चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. रोजच्या आहारात मात्र गोड नको. प्रेडनिसोलोन, डायझॉक्साइड ही औषधे किंवा शस्त्रक्रिया हे उपचार होत. अन्न ३–४ तासांत आतड्यातून पुढे जात असल्याने चाचणीसाठी याहून अधिक काळ उपाशी ठेवू नये.

लिंफोमा (लसिका पेशींचा कर्करोग), विस्फारित हृदयस्नायुविकार, मोतीबिंदू व दातांवरील कीटण हेही आढळतात. मोठी झालेली प्लीहा पोट चाचपताना पुष्कळदा हाताला लागते. केवळ तेवढ्यावरून ती काढत नाहीत.