भुंकण्यासाठीच निवडलेला कुत्रा

मेंढ्या-शेळ्यांच्या राखणीला ठेवलेला कुत्रा दिवसा सावलीत पडून असतो आणि अंधार पडला की भुंकायला लागतो. घरातल्यांची, शेजाऱ्यांची झोप उडते आणि कुत्रा बिघडलाय असं सगळ्यांनाच वाटू लागतं. तो बिघडलेला नसतो. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्याला ज्या कामासाठी निवडलं, ते तो चोख करत असतो.

ही निवड किती जुनी आहे ते रोमन शेतीग्रंथांत दिसतं. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात केटोने सांगून ठेवलं, की शेतावरचे कुत्रे दिवसा कोंडून ठेवावेत, म्हणजे रात्री ते जास्त तिखट आणि सावध राहतात. पुढच्या शतकात वॅरोने मेंढपाळाच्या कुत्र्याची लक्षणं दिली: आवाज भारदस्त, रंग शक्यतो पांढरा, म्हणजे अंधारात ओळखू येतो, आणि गळ्यात खिळ्यांचा चामडी पट्टा, कारण लांडगा नरडंच धरतो. त्यानंतरच्या कोलुमेलाची तक्रार तर आजच्या कुठल्याही कुत्रा पाळणाऱ्याला पटेल. उतावळा कुत्रा नुसत्या चाहुलीवर, खोट्या संशयावर उठतो, असं तो म्हणतो. त्याला खात्री झाल्यावरच इशारा देणारा कुत्रा हवा होता.

भुंकण्यावर एवढा भर असण्याला कारण आहे. झुंज झाली तर कुत्राही जखमी होतो, आणि जखमी राखणदार दुसऱ्या रात्री उपयोगाचा नसतो. इथे पहारा आहे हे लांडग्याला लांबूनच कळलं, तर तो बहुधा वाट बदलतो. म्हणजे ज्या रात्री कुत्रा नुसता भुंकला आणि काहीच घडलं नाही, ती बऱ्याचदा यशस्वी रात्र असते.

फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरचा पिरेनीज, इटलीतला आब्रुझ्झो, तुर्कस्तानातला अनातोलिया या डोंगराळ भागांत असे कुत्रे कळपाबरोबर उन्हाळी कुरणांवर जात. मेंढपाळ तिथेच झोपे आणि भुंकण्याच्या सुरावरून उठायचं की नाही ते ठरवी. गाव खाली, लांब. आवाजाचा त्रास व्हायला जवळपास कोणी नव्हतंच.

पुढे पश्चिम युरोपच्या मोठ्या भागातून लांडगा संपवला गेला आणि या कुत्र्यांचं कामही आटलं. उत्तर अमेरिकेत ही परंपरा मुळातच थोड्या ठिकाणी होती. ब्रिटनमध्ये लांडगे कधीच नाहीसे झाले होते, त्यामुळे तिथून गेलेल्यांनी नेले ते मेंढ्या वळवणारे कुत्रे. शिकारी प्राण्यांवर उपाय म्हणजे विष, सापळा, बंदूक. 1972 मध्ये अमेरिकेने सरकारी जमिनींवर या विषांच्या वापराला बंदी घातली आणि दुसऱ्या उपायांचा शोध सुरू झाला. त्याच दशकात रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्याने अमेरिकेतल्याच हॅम्पशायर कॉलेजमधून युरोप-आशियातले राखणदार कुत्रे आणून शेतकऱ्यांना दिले आणि त्यांचा अभ्यास केला.

कुत्रा आला, पण रात्रभर त्याच्याजवळ झोपणारा मेंढपाळ आला नाही. माझ्या मते आजचं भांडण तिथून सुरू होतं. डोंगरासाठी घडवलेला आवाज आता छोट्या शेतात, घरांना लागून घुमतो. म्हणून जुन्या व्यवस्थेतलं जमेल तेवढं परत आणावं लागतं: रात्री कळप आणि कुत्रा दोघेही पक्क्या कुंपणात, शक्यतो घरांपासून लांब, तरुण कुत्र्याच्या जोडीला जाणता कुत्रा, कारण पहिली दोनेक वर्षं तो पानाच्या सळसळीवरही भुंकतो. आणि काही रात्री तरी स्वतः उठून, टॉर्च घेऊन, तो कशावर भुंकतोय ते बघून येणं.